तवशाला क्रीपर म्हणू की क्लायंबर?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला घरच्या बागेवरचा लेख वाचला. माहिती कामाची होती. पण ‘क्लायंबर’ अकरा वेळा, ‘क्रीपर’ सात वेळा, चौकटीत ‘आरोही वनस्पती’, आणि आपला ‘वेल’ फक्त फोटोखालच्या ओळीत. तोही मनीप्लांटचा. (पेन्शनर आहे, मोजायला वेळ असतो.)

लेखात म्हटलंय, जमिनीवर पसरतो तो क्रीपर आणि चढतो तो क्लायंबर. मग आमच्या परसातल्या तवशाचं, म्हणजे मोठ्या काकडीचं, काय करू? मृगात आळ्यात बी टोचलं. सुरुवातीला भुईवरच लोळत होतं. बांबूचा मांडव घालून सुतळ्या सोडल्या, तर आठ दिवसांत वर! शेजाऱ्यांनी मांडव घातलाच नाही. त्यांचं तवसं, बी आमच्याकडचंच, गडग्यावरून पलीकडच्या पाणंदीत गेलंय. गणपतीत पातोळ्यांना दोन्हीकडची तवशी सारखीच लागतील. मराठीत हे दोन्ही वेलच. वेल पसरतो, वेल चढतो, वेल लोंबतो. बदलायचं ते क्रियापद.

चढायची तऱ्हा ज्याची त्याची. मिरीचा वेल पेरांतून मुळं फोडून पोफळीला चिकटतो. वाल अंगानंच काठीला वेटोळे घालतो. तवशाला तणावे, म्हणजे आधार धरणारे बारीक तंतू, असतात. परवा चष्मा लावून एक तणावा पाहत बसलो होतो. टोक सुतळीला अडकलं की तो पीळ घेतो, पण मधोमध पोचल्यावर पीळ उलटा फिरतो. अर्धी वेटोळी डावी, अर्धी उजवी. वाऱ्यानं मांडव हलला तर स्प्रिंगसारखा ताणतो, तुटत नाही. मेहुणे द्राक्षबागेत याला बाळी म्हणतात. घड जिरून त्याच्या जागी बाळी निघाल्या की त्यांच्याशी त्या दिवशी बोलायची सोय नसते.

लेखाच्या त्याच चौकटीत ‘वेलदोड्याची वेल’ही आली आहे. वेलदोडा हळदीच्या कुळातला, त्याला वेल नसतो. तिथला ‘वेल’ संस्कृत ‘एला’मधून आलेला.

आणखी एक. मागे मी लिहिलेला ‘भोपळ्याचा वेल’ आपल्याकडे ‘भोपळ्याची वेल’ होऊन छापला गेला. घरात सौ.ला फार आनंद झाला. तिचं माहेर मिरजेकडचं, पानमळ्याचं. तिथे वेल ‘ती’. पानवेलीची उतरण करतात, म्हणजे उंच गेलेली वेल खाली घेऊन, तिची चुंबळ करून बुडाशी मातीत पुरतात आणि शेंडा पुन्हा आधाराला बांधतात. लहानपणी ती वडिलांच्या हाताखाली हे करायची, तेव्हा तिला ‘तो वेल’ म्हणणारा माणूस अडाणीच वाटणार. आमच्या बाजूला मात्र वेल ‘तो’. ज्ञानेश्वरांच्या मोगऱ्याचाही वेलु गगनावरी ‘गेला’, ‘गेली’ नव्हे, हे मी अडतीस वर्षं सांगतोय. दोन्ही रूपं चालतात, तेव्हा लिहिणाऱ्यानं जे लिहिलं असेल ते तसंच राहू द्यावं, एवढी विनंती आहे.

पत्र छापल्यास माझं नाव देऊ नये. घरात पुन्हा वाद नको. पडवळं वाकडी व्हायला लागलीत, त्यांच्या टोकांना दगड बांधायचे आहेत, तेव्हा थांबतो.

– एक वाचक, ता. राजापूर, जि. रत्नागिरी