यादी छापा, पण मोजणीही सांगा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत ‘आठवड्याची टॉप गाणी’ अशी चौकट गेले काही महिने येते आहे. मी ती न चुकता वाचतो आणि दर वेळी मन भरत नाही. दहा नावं, दहा क्रमांक, संपलं. हे दहा कुणी ठरवले? कोणत्या वारापासून कोणत्या वारापर्यंतचे? ऐकलेलं मोजलं, पाहिलेलं मोजलं की विकत घेतलेलं? मागच्या शनिवारी हे गाणं कितव्या नंबरवर होतं? यातलं काहीच कळत नाही. शिवाय सुट्या गाण्यांपलीकडे अख्खा अल्बम नावाची चीज असते, तिला तर पुरवणीत जागाच नाही. चौकट बंद करा असं मी म्हणत नाही. ती नीट करा, एवढ्यासाठी हे पत्र. लांबलं आहे. कात्री लावावी लागली तर मोजणीचा भाग तेवढा राहू द्या.

मी सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एका कापडाच्या पेढीवर हिशेब लिहितो. साड्या, चादरी, टॉवेल यांची आवक-जावक पाहण्यात उमर गेली. आणि कैक वर्षांचा माझा छंद म्हणजे अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या पॉप अल्बमांच्या साप्ताहिक याद्या घ्यायच्या आणि त्या ऐकत जायचं. एक जुना आठवडा घेतो, त्यातला दहावा अल्बम आधी लावतो, मग नववा, असं करत पहिल्यापर्यंत येतो. अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मधलं एकही न गाळता. तो आठवडा झाला की चालू आठवड्याची यादी, त्याच पद्धतीने. उन्हाळ्यात रात्री गच्चीवर अंथरूण टाकलं की कानात हेच. पूर्वी नव्या पेठेतून कॅसेट भरून आणायला लागायच्या आणि मिळेल ते ऐकावं लागायचं. आता यादीतलं जवळपास सगळं फोनवर सापडतं, म्हणून हे जमतं.

अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ या संगीताच्या नियतकालिकाने अल्बमांची साप्ताहिक यादी मार्च 1945 मध्ये सुरू केली. पहिल्याच यादीत वर होता नॅट किंग कोलच्या तिघांच्या वाद्यवृंदाचा अल्बम. ब्रिटनची यादी जुलै 1956 ची, तिथे पहिला मान फ्रँक सिनात्राचा. तिथून आजपर्यंत यायचं म्हणजे मोठा प्रवास आहे, आणि त्यात ज्यांची नावं इथे कुणी घेत नाही अशी माणसं वाटेत भेटतात. हॅरी बेलाफॉन्टेचा ‘कॅलिप्सो’ 1956-57 मध्ये अमेरिकेत 31 आठवडे पहिला होता. आपण त्या काळाला एल्व्हिसचा काळ म्हणतो. यादी पाहिली तर वेस्ट इंडीजच्या चालींवर गाणारा हा माणूस एल्व्हिसच्या बरोबरीने तिथे उभा आहे. ब्रिटनमध्ये तर ‘साउथ पॅसिफिक’ या चित्रपटाच्या गाण्यांचा अल्बम नोव्हेंबर 1958 ते मार्च 1960 सलग 70 आठवडे हललाच नाही. 1959 चं अख्खं वर्ष पहिला नंबर एकच!

आणि 1966. या वर्षावर मी सगळ्यांत जास्त रमलो. बीटल्स ऐन भरात होते, आणि तरी एप्रिल महिन्यात अमेरिकेच्या यादीत पहिल्या दहांत एकाच वेळी चार अल्बम होते ते हर्ब अल्पर्ट नावाच्या ट्रम्पेटवाल्याचे. गाणं जवळजवळ नाहीच, नुसत्या चाली. त्याचा ट्रम्पेट ऐकताना मला वाटायचं की दोन माणसं वाजवताहेत आणि त्यांच्यात केसाएवढं अंतर आहे. प्रत्यक्षात माणूस एकच. तोच तुकडा त्याने दोनदा वाजवून एकावर एक ध्वनिमुद्रित केलेला. ते केसाएवढं अंतर हीच त्या आवाजाची गोडी. लग्नसराईत आपल्याकडे वरातीत दोन ट्रम्पेटवाले एकच चाल फुंकतात तेव्हा हुबेहूब तशी थरथर ऐकू येते. आमच्या पेढीवर गाठी बांधणाऱ्या मुलाला मी हे ऐकवलं. त्याच्या घरी तेलुगू बोलतात, इंग्रजीचा गंध नाही. ऐकून तो लगेच म्हणाला, ‘मामा, हा तर आपला बँड.’ पुढच्याच वर्षी, 1967 मध्ये, ‘मंकीज’ या टीव्हीवरच्या गटाचा दुसरा अल्बम 18 आठवडे पहिला होता, तर बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ 15. इतिहास लिहिणाऱ्यांनी एकाला डोक्यावर घेतलं आणि दुसऱ्याला हसण्यावारी नेलं. मी दोन्ही पूर्ण ऐकले. ‘सार्जंट पेपर’ थोर आहे यात शंका नाही, पण मंकीजचा अल्बमही मन लावून केलेला आहे, आणि त्या वर्षी लोकांनी काय ऐकलं हे समजून घ्यायचं तर तो ऐकावाच लागतो.

अख्खा अल्बम का ऐकायचा, त्याचं एकच उदाहरण देतो. बांगलादेशातल्या निर्वासितांसाठी 1 ऑगस्ट 1971 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेल्या कार्यक्रमाचा अल्बम तीन रेकॉर्डींचा होता. अमेरिकेत तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, ब्रिटनमध्ये पहिल्या. सुटी लोकप्रिय गाणी उचलणाऱ्याला त्यात बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन सापडेल, बॉब डिलन सापडेल. पण पहिल्या रेकॉर्डीची पहिली बाजू संपूर्ण पंडित रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ आणि उस्ताद अल्लारखाँ यांची आहे. सतार आणि सरोद आधी हळूहळू एकमेकांना उत्तरं देतात. मग तबला येतो, लय चढत जाते, आणि शेवटी तिघं मिळून असे धावतात की हातातलं काम थांबतं. ही बाजू त्या काळात लाखो अमेरिकन घरांत वाजली. पॉपच्या यादीत आपल्या माणसांचं हे वादन एवढं वर होतं, हे किती सोलापूरकरांना ठाऊक आहे?

आता मोजणीकडे येतो. आमच्या धंद्यात माल उठणं वेगळं आणि माल खपणं वेगळं. दिवाळीच्या आधी गावोगावचे दुकानदार गठ्ठेच्या गठ्ठे उचलतात. संक्रांतीनंतर त्यातलं किती परत येतं ते वहीच सांगते. उठलेल्या मालावर जो खूश होतो तो पेढी चालवू शकत नाही. अल्बमांच्या यादीतही कित्येक वर्षं नेमकी हीच अडचण होती. मे 1991 पर्यंत ‘बिलबोर्ड’ दुकानांना विचारायचं आणि दुकानातली माणसं सांगायची की हा फार चालला, हा बरा चालला. खरा आकडा कुणी पडताळत नव्हतं. 25 मे 1991 च्या यादीपासून बारकोड वाचणाऱ्या यंत्राची नोंद, म्हणजे गल्ल्यावर प्रत्यक्ष फाडलेलं बिल, मोजायला सुरुवात झाली. काय झालं बघा. त्या आधीच्या सगळ्या वर्षांत यादीत आल्या आल्या थेट पहिला नंबर मिळवणारे अल्बम अवघे सहा होते. पहिला एल्टन जॉनचा, 1975 मध्ये. 1991 नंतर ही नेहमीची गोष्ट झाली. आणि दुकानदार ज्यांना मोजतच नव्हते ते कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यांकडची गाणी, आणि रॅप गाणारे एकदम वर आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रूक्सचा कंट्री अल्बम थेट पहिल्या नंबरवर उतरला. लोक तेच होते, त्यांची आवडही तीच होती. मोजणी खरी झाली, म्हणून यादी बदलली.

नियमाचा दुसरा चटका 2009 चा. तेव्हा जुने अल्बम मुख्य यादीत घ्यायचे नाहीत, त्यांची वेगळी यादी करायची, असा दंडक होता. जून महिन्यात मायकेल जॅक्सन गेला. लोकांनी दुकानांतून त्याचे जुने अल्बम अक्षरशः उपसून नेले. त्यातल्या तीन अल्बमांची विक्री मुख्य यादीतल्या पहिल्या क्रमांकापेक्षा जास्त होती, आणि तरी मुख्य यादीत ते नव्हते! त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून नियम बदलला आणि जुने अल्बम परत आत घेतले. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश गटाचा 1973 चा ‘डार्क साइड ऑफ द मून’ एकूण नऊशेहून जास्त आठवडे यादीत आहे. तो वेगळ्या यादीत ठेवलेल्या काळात मुख्य यादीत दिसला असता, तर हा आकडा किती झाला असता याचा विचार मी बऱ्याचदा करतो.

डिसेंबर 2014 पासून फोनवर ऐकणंही धरतात. अल्बममधली गाणी सगळी मिळून 1500 वेळा ऐकली गेली तर एक अल्बम खपला असं मानायचं ठरलं. 2018 मध्ये पैसे भरून ऐकणाऱ्यांसाठी 1250 आणि जाहिरातींसह फुकट ऐकणाऱ्यांसाठी 3750 असा भाव झाला. म्हणजे मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’चे 37 आठवडे आणि आजच्या कुणाचे आठवडे एका तराजूत तोलता येत नाहीत. हे ज्याला सांगितलेलं नाही तो वाचक ‘सगळे विक्रम मोडले’ असा मथळा वाचून फसतो. असे मथळे आपल्याही पुरवणीत आले आहेत, हे नम्रपणे नमूद करतो.

नव्या याद्यांवर मी नाराज नाही. 2018 मध्ये बीटीएस या गटाचा कोरियन भाषेतला अल्बम अमेरिकेत पहिला आला, 2020 च्या डिसेंबरात बॅड बनी या गायकाचा संपूर्ण स्पॅनिश अल्बम. शब्द कळले नाहीत तरी गाणं लागतं, हे सोलापूरला शिकवायला नको. इथे एका बोळात मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी कानावर पडते आणि प्रत्येकाला दुसऱ्याची गाणी पाठ असतात.

आपल्याकडे मोजणीची परंपरा नव्हती असंही नाही. 1952 मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाले’त अमीन सयानी बुधवारी रात्री आठला गाण्यांच्या पायऱ्या सांगायचे, आणि त्यामागे रेकॉर्डींच्या दुकानांतली विक्री आणि श्रोता संघांची पसंती असा दुहेरी आधार होता. नुसत्या दुकानांवर विसंबून चालणार नाही हे त्यांनी फार आधी ओळखलं होतं. पण तिथेही गाणीच. अख्ख्या अल्बमाची, त्यातही मराठी अल्बमाची, आठवड्याची खात्रीची यादी मला आजवर वाचायला मिळालेली नाही.

म्हणून विनंती अशी. चौकटीखाली बारीक अक्षरांत का होईना, मोजणी कुणाची, कशाची आणि कोणत्या तारखांची हे छापा. क्रमांकापुढे मागच्या आठवड्याचा क्रमांक आणि एकूण आठवडे द्या, त्यावरूनच गाणं चढतंय की उतरतंय ते कळतं. दर शनिवारी एका अल्बमाची सगळी गाणी, संगीतकार, वादक, ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसह द्या. एक आठवडा जुना, एक आठवडा नवा. जागा नसेल तर नट-नट्यांच्या विमानतळावरच्या फोटोंतला एक कमी करा. माझ्याकडे जुन्या आठवड्यांच्या उतरवून घेतलेल्या याद्यांच्या वह्या आहेत, पुरवणीला हव्या तर मी कार्यालयात आणून देईन.

एक विनंती वाचकांनाही. नव्या पेठेत आणि आसपास रेकॉर्डींची आणि कॅसेटची जी दुकानं होती, त्यांच्या मालकांच्या घरी जुनी बिलबुकं, मालाच्या वह्या माळ्यावर पडलेल्या असतील. त्या रद्दीत घालू नका. भावगीतांच्या, भक्तिगीतांच्या, लावणीच्या कोणत्या कॅसेटी सोलापुरात कोणत्या महिन्यात किती खपल्या, हे त्या वह्यांतून काढता येईल. ते काम करायला मी तयार आहे. संपादकांमार्फत कळवावं.

आपला,
एक नियमित वाचक, चाटी गल्ली, सोलापूर