नेरुळ बालगृहातली शिकवणी : स्वयंसेवकांसाठी सूचना

प्रिय बंधुभगिनींनो, प्रभूच्या नावात सलाम.

येत्या शनिवारपासून नेरुळच्या बालगृहात आपली शिकवणी सुरू होतेय, दुपारी 3 ते 5. पावणेतीनला नेरुळ स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी जमायचं. (रविवार मुद्दाम टाळलाय. हार्बरचा मेगाब्लॉक कोण सोसणार!)

सातवीची मुलं अपूर्णांकांत अडकलीत. 1/2 अधिक 1/3 बरोबर 2/5, असं बिनधास्त लिहितात. गणितवाल्यांनी नावं आधी द्यावीत. गोष्टी सांगणारे आपल्याकडे भरपूर आहेत.

- पोलीस पडताळणीचा दाखला आणणं सक्तीचं.
- मुलांचे फोटो काढायचे नाहीत, स्टेटसला तर नाहीच. बाल न्याय अधिनियम 2015, कलम 74 नुसार माध्यमांत त्यांची ओळख उघड करणं गुन्हा आहे.
- आईवडिलांविषयी आपणहून विचारू नये.
- उपदेश नको, पत्रकं नकोत. बायबलमधलं याकोब 1:27 अनाथांची विचारपूस करायला सांगतं. तेवढं नेमानं केलं तरी पुष्कळ.
- खाऊ अधीक्षकांना विचारूनच.

जमणार नसेल तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवा. न आलेल्या ताई-दादाचं नाव घेऊन मुलं विचारत राहतात, आणि उत्तर बाकीच्यांना द्यावं लागतं.

– सेवा समिती