मोतीबिंदू काढला, पण डोळ्याचं प्रेशर कोण बघणार?

मा. आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

लहान मुलांची मोतीबिंदूची ऑपरेशनं किती झाली याचे आकडे तुमच्या खात्याकडे असतील, पण त्यातल्या किती मुलांचं डोळ्याचं प्रेशर नंतर तपासलं जातंय हे कुणी विचारतं का? मी अशाच एका मुलीचा बाप आहे.

अमेरिकेत एका डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या ११४ बाळांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं होतं, ऑपरेशनच्या वेळी सगळी सात महिन्यांच्या आतली. काचबिंदूचा, म्हणजे बहुधा प्रेशर वाढून डोळ्याची नस खराब होण्याचा, धोका पहिल्या वर्षी ९ टक्के, पाच वर्षांनी १७ आणि दहा वर्षांनी २२. म्हणजे तो वाढतच जातो, आणि आमच्या डिस्चार्जच्या कागदावर काय, तर 'गरज वाटल्यास दाखवा'! अहो गरज वाटणार कशी? बाळ तान्हं असेल तर डोळ्यातून पाणी येतं, उजेड सोसत नाही, बुबुळ मोठं आणि धुरकट दिसतं, पण तीनेक वर्षांनंतर तेही फारसं दिसत नाही, मग जाड चष्म्याचा प्लस नंबर भराभर उतरायला लागला की घरातले खूश होतात आणि कधी कधी तिकडे डोळा प्रेशरने ताणून लांब होत असतो.

त्यात कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, घोळ. लेन्स काढलेल्या डोळ्याचा कॉर्निया बरेचदा जाड होतो, एरवी साडेपाचशे मायक्रॉनच्या आसपास असतो तो सहाशेच्या पुढे जातो, आणि जाड कॉर्नियावर मशीन प्रेशर जास्त दाखवतं (मूल रडत डोळे घट्ट मिटत असेल तर आणखी जास्त). आमच्या फाइलवर नुसतं प्रेशर '२६' लिहून ते कमी करायचे ड्रॉप्स सुरू केले, जाडी मोजलीच नाही, ती नंतर दुसरीकडे मोजली तर ६४० निघाली. बरं, जाड आहे म्हणून सोडूनही देता येत नाही, कारण जाडीवरून प्रेशरमधून किती वजा करायचं याचं पक्कं गणित नाही, डोळ्याची नस बघावीच लागते.

तेव्हा मागणी साधी आहे साहेब. जिथे मुलांची ऑपरेशनं होतात तिथे हातात धरून प्रेशर मोजायचं रिबाउंड टोनोमीटर द्या, त्याला बधिर करायचे ड्रॉप्स लागत नाहीत आणि मुलं बऱ्यापैकी मोजू देतात. सोबत जाडी मोजायचं मशीन. प्रत्येक मुलाच्या कार्डावर प्रेशर, जाडी, चष्म्याचा नंबर आणि नसेची नोंद एकाच ओळीत हवी, आणि तारीख चुकली तर फोन हॉस्पिटलने करायचा, पालकांच्या आठवणीवर सोडायचं नाही. हे मोठेपणीही चालू राहायला हवं. पुढच्या बजेटमध्ये ऑपरेशनच्या पैशांसोबत या तपासण्यांचेही पैसे धरणार का, तेवढं कळवा.

आपला,
एक पालक