कौलांखाली हवेला वाट ठेवा

मा. संपादक,

मे महिना आला की आमच्या गावात एक वाक्य हमखास कानावर येते, 'कौलारू घर आता पूर्वीसारखे थंड राहत नाही.' आणि मग एसी येतो. बिचाऱ्या कौलांवर ठपका कशाला?

1865 साली बासेल मिशनने मंगळुरात ज्या खाचांच्या कौलांचा कारखाना घातला, ती कौले रिपांवर (छपराच्या आडव्या लाकडी पट्ट्यांवर) नुसती ठेवायची असतात. वळचणीतून वारा शिरतो आणि तापलेली हवा फटींतून वर निसटते. हल्ली माकडांचा धाक आणि दरवर्षी कौले परतायला माणसे मिळत नाहीत, म्हणून आपण तिरका स्लॅब घालतो आणि त्यावर सिमेंटात कौले चिकटवतो. कौल उरते ते दाखवायला. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ती उष्णता खाली सोडत बसतो.

ज्यांच्याकडे स्लॅब नाही, ते जिप्समचे सिलिंग मारून वळचण बुजवून टाकतात. हा शहाणपणा मी स्वतः केला आहे. रात्री अकरा वाजता स्टुलावर चढून सिलिंगला हात लावला तर ते कोमट लागायचे. पंखा तीच हवा घुसळत राहायचा.

अमेरिकेतल्या घरबांधणीच्या संहितेत माळ्याच्या, म्हणजे सिलिंग आणि छपरामधल्या जागेच्या, दर 150 चौरस फुटांमागे एक चौरस फूट मोकळी वाट मागतात (काही अटी पाळल्या तर 300 मागे एक). त्यांचे हवामान वेगळे, पण हिशेब समजायला सोपा आहे. 20 बाय 15 च्या खोलीला दोन चौरस फूट. त्यातली निम्मी वाट खाली वळचणीला, निम्मी वर आढ्याजवळ. एक चौरस फूट म्हणजे एक इंच रुंदीची बारा फूट फट, बस्स. खालची वाट बंद ठेवून नुसते वर भोक पाडले तर उपयोग नाही. हवा आत आलीच नाही तर बाहेर काय जाणार? उंदीर-वटवाघळांसाठी जाळी हवीच, मात्र मच्छरदाणीसारखी बारीक नको. ती धुळीने व कोळिष्टकांनी लवकरच बुजते. शिवाय जाळीच्या तारा जागा खातात, तेव्हा फट थोडी मोठीच ठेवावी.

दुरुस्तीच्या वेळी आराखड्यात मी खिडक्यांची मापे दिली, छपराखालच्या हवेबद्दल मात्र मला कोणी विचारले नाही. कौलारू छपराखाली सिलिंग दाखवणाऱ्या प्रत्येक आराखड्यात या दोन वाटांची मापे सक्तीने मागावीत, अशी नगरनियोजन खात्याला विनंती आहे. स्लॅबवर कौले बसवणाऱ्यांनाही रिपांवर बसवून मधे पोकळी ठेवायला सांगता येईल.

माझ्याकडे मिस्त्रीने वळचण पुन्हा मोकळी केली आणि आढ्याजवळ हवा बाहेर सोडणारी चार कौले बसवली. पावसाळ्यात तिथून पाणी आत येईल ही बायकोची धास्ती होती. पहिल्याच सरीला तिने खाली बादली ठेवली होती. ती कोरडीच राहिली.

एक वाचक, डिचोली