ॲल्युमिनियमच्या भांड्यांवर लिहा, पण शिशाचं पण लिहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ॲल्युमिनियमच्या भांड्यांवर अर्धं पान आलं होतं. त्यात सांगितलं काय, तर ॲल्युमिनियममध्ये शिजवलं की अल्झायमर होतो, भांडी आजच्या आज घराबाहेर काढा. ते पान आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अजून फिरतंय आणि शेजारच्या काकूंनी त्यांचा चांगला जाड बुडाचा टोप भंगारवाल्याला देऊन पण टाकला. मी दादरला घरगुती जेवणाचे डबे करते, जर्मनचे म्हणजे ॲल्युमिनियमचेच टोप, हिंडालियमच्या (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या) कढया, कुकर हेच दिवसभर हातात असतं, म्हणून हा विषय मी बरीच वर्षं मिळेल तिथून वाचत आलेय आणि म्हणूनच लिहावंसं वाटलं.

अल्झायमरचं आधी. 1965 मध्ये सशांच्या मेंदूत ॲल्युमिनियमचे क्षार टोचले होते, पेशींमध्ये अल्झायमरमध्ये दिसतात तसे धाग्यांचे गुंते दिसले, तिथून हे सुरू झालं. पण पुढे मायक्रोस्कोपखाली ते गुंते अल्झायमरच्या गुंत्यांपेक्षा वेगळे निघाले. मग 1970 च्या दशकात डायलिसिसच्या पेशंटना खरंच त्रास झाला, बोलणं अडखळायला लागलं, विसरायला व्हायचं, कारण डायलिसिसच्या पाण्यातलं ॲल्युमिनियम थेट रक्तात जात होतं आणि किडनी काम करत नसल्याने ते बाहेर पडत नव्हतं. हे सिद्ध झालेलं आहे. पण जेवणातून पोटात गेलेल्या ॲल्युमिनियमपैकी एक टक्का सुद्धा रक्तात जात नाही, जे जातं ते धडधाकट माणसाची किडनी बाहेर टाकते, आणि स्वयंपाकाच्या भांड्यांमुळे अल्झायमर होतो हे इतक्या वर्षांत कोणी सिद्ध केलेलं नाही. किडनीचा आजार असलेल्यांनी जपायलाच हवं, ते त्या पानात ठळक यायला पाहिजे होतं पण त्याचा उल्लेखच नाही.

म्हणजे भांड्यातून काहीच उतरत नाही असं नाही हं. ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर आपोआप ऑक्साइडचा थर बसतो, मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या चार-पाच भागांएवढाच पातळ, आणि तोच खालच्या धातूला सांभाळतो. आंबट किंवा खाराचं काही पडलं की तो थर विरघळतो. हे कोणालाही घरी दिसतं, टोपात नुसतं पाणी उकळत ठेवलं की आतून काळपट पडतो आणि त्याच टोपात चिंचेचं किंवा टोमॅटोचं सार केलं की आतून लख्ख होतो, तो काळपटपणा आणि थोडा धातू सारात उतरलेला असतो. कुकरच्या पाण्यात आपण लिंबाची साल टाकतो ते याच कारणाने, पण ते पाणी आपण पीत नाही, डाळ-भात वेगळ्या डब्यात असतो. म्हणून आमसुलाचं सार, चिंच-गुळाची आमटी, लोणचं, पापडखाराचं पीठ हे जर्मनच्या भांड्यात करू नका आणि रात्रभर तर ठेवूच नका, भात, दूध, चहाला हरकत नाही. अन्नातल्या ॲल्युमिनियमची मर्यादा पण ठरलेली आहे, जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) यांच्या तज्ज्ञ समितीने 2011 मध्ये आठवड्याला शरीराच्या वजनाच्या किलोमागे 2 मिलिग्रॅम सांगितलीय, म्हणजे 60 किलोच्या माणसाला आठवड्याला 120 मिलिग्रॅम. आणि हार्ड ॲनोडाइज्डची काळी कढई असते ना, तिच्यावर हाच थर विजेच्या प्रक्रियेने हजारो पट जाड केलेला असतो, ती आंबटाला बरीच जास्त टिकते.

आता माझा खरा मुद्दा. 2017 मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झालं, दहा विकसनशील देशांतली 42 ॲल्युमिनियमची भांडी तपासली होती आणि त्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त भांड्यांतून शिसं धोकादायक प्रमाणात उतरत होतं. शिसं! लहान मुलांच्या मेंदूला त्याचं कितीही कमी प्रमाण सुरक्षित मानत नाहीत. ते येतं कुठून तर मोटारीचे पार्ट, रेडिएटर, सोल्डर लागलेले तुकडे असं सगळं भंगार न निवडता एकत्र वितळवतात त्यातून. 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न आणि औषध प्रशासन) बाहेरून येणाऱ्या काही भांड्यांबद्दल जो इशारा दिला त्यात हिंडालियमचं नाव घेतलंय आणि त्यात भारतात बनलेलं भांडं पण आहे. एवढी मोठी गोष्ट, आणि तुमच्या अर्ध्या पानात शिसं हा शब्दच नाही.

भंगारातून ॲल्युमिनियम करूच नये असं मी अजिबात म्हणत नाही. नव्या धातूला जेवढी ऊर्जा लागते त्याच्या साधारण 5 टक्क्यांत जुना वितळतो, धारावीतली किती घरं या कामावर चालतात, त्यांचं काम बंद व्हावं असं माझ्या मनातही येणार नाही. भंगार वितळवून ओतलेल्या लादीचं पुढे काय होतं एवढंच बघायला हवं, खिडकीच्या चौकटीचं सेक्शन झालं तर झालं, त्याचा टोप होऊन त्यात पोरांचा वरण-भात शिजायला नको. केंद्राने 2024 मध्ये ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय मार्क सक्तीचा करायचा आदेश काढलाय, स्टँडर्डचा नंबर आयएस 1660, तरी किलोवर मिळणारी बिनशिक्क्याची भांडी मला अजून सर्रास दिसतात आणि टोप उलटा करून शिक्का बघणारं गिऱ्हाईक पण क्वचित.

तर तुमच्याकडे मागणं आहे. तांबाकाट्यावरून, भुलेश्वरातून, रस्त्यावरच्या गाड्यांवरून, उपनगरातल्या बाजारांतून थोडी भांडी विकत घ्या, मान्यताप्राप्त लॅबमध्ये त्यात आंबट पाणी उकळून शिसं तपासून घ्या आणि आकडे छापा. नागपूरला 1989 पासून ॲल्युमिनियमचं केंद्र सरकारचं संशोधन केंद्र आहे, जवाहरलाल नेहरूंच्या नावाचं, तिथल्या माणसांना विचारा की वितळवायच्या आधी भंगार कसं निवडायचं आणि छोट्या भट्टीवाल्याला ते परवडेल कसं. माझ्याकडे जुने, शिक्का नसलेले टोप आहेत, तपासायला हवे असतील तर बातमीदाराला पाठवा, मी देते, आणि रिझल्ट काहीही आला तरी छापा.

आपली,
एक वाचक, दादर, मुंबई