माडीचं तेवढं थांबवा

लंडन, १६ नोव्हेंबर

आई, अण्णा, नमस्कार.

तब्येत ठणठणीत आहे. आई, फोटोत गालफडं बसलेली दिसली ती कॅमेऱ्यामुळं, जेवतोय नीट, कांदा-लसूण मसाला अजून अर्धा डबा आहे. खोली लहान आहे पण दिवसभर मी ऑफिसात, खोलीत असतो कुठं. आणि खिडकीसमोर भिंत आहे म्हणजे वारं तरी लागत नाही की.

रविवारी रिचमंड पार्कात गेलो होतो. तिथं किंग हेन्रीज माउंड म्हणून टेकाड आहे, वर झाडांच्या कुंपणाला मुद्दाम एक भोक ठेवलंय, त्यातनं १६ किलोमीटरवरचा सेंट पॉल चर्चचा घुमट दिसतो, म्हणजे आपल्या कोल्हापुरातनं जवळजवळ जोतिबाएवढं लांब. आणि ही नजरेची रेघ नियमानं राखलीय! मधे उंच बांधायचं नाही हे मला कळलं, पण घुमटाच्या मागंसुद्धा उंची बघूनच परवानगी, का तर त्याची कड आभाळावर उठून दिसली पाहिजे. अशा १३ रेघा आहेत शहरात. एक टॉवर तर चक्क तिरका बांधलाय, फ्लीट स्ट्रीटवरनं घुमट झाकू नये म्हणून, लोक त्याला खिसणी म्हणतात. एवढं करून २०१६ साली लांब स्ट्रॅटफर्डचा एक टॉवर नेमका घुमटामागं डोकावला आणि बोंबाबोंब झाली.

आधी हसलो मी. मग अंबाबाईचा किरणोत्सव आठवला, आपण तरी काय वेगळं करतो, मावळतीची किरणं महाद्वारातनं आत यावीत, पायावरनं चेहऱ्यापर्यंत चढावीत म्हणून ९ ते ११ नोव्हेंबर सगळे श्वास रोखून. फक्त इथं आधी रेघ मारतात मग बांधू देतात, आपण आधी बांधतो आणि मग कुणाची टाकी आडवी आली ते शोधत बसतो.

माझा रूममेट म्हणतो या रेघांमुळंच घरं कमी आणि भाडी जास्त. थोडं खरं असेल, पण जिथं टॉवर झालेत तिथं तरी कुठं स्वस्ताई आलीय, उलट पायथ्याला वारं असं घुमतं की छत्री उलटी होते.

आता अण्णा, तिसऱ्या मजल्याचं. ते सध्या थांबवा. आपलं घर महाद्वार रोडच्या अंगाला, उद्या वरची टाकी किरणांच्या वाटेत आली तर गल्लीत तोंड कसं दाखवायचं? हे कारण खोटं नाही, पण खरं सांगायचं तर पैसेच नाहीत, खोलीच्या डिपॉझिटला गेले, तुम्हाला फोनवर बोलायचं धाडस झालं नाही. डिसेंबरात ४० हजार पाठवतो, ते शुभाच्या हॉलला द्या. इचलकरंजीच्या स्थळाचा फोटो बघितला, मुलगी छान आहे, पण मजला चढवला की मुलगा परत येणार असं काही त्यांना सांगू नका. शुभाच्या लग्नाला येतोच, आठवडाभर. तिकीट अजून काढलं नाही, काढतो.

तुमचा,
बाळू