आखेनहून (जर्मनी), रविवारी

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

मी ठणठणीत आहे. आई, व्हिडिओ कॉलवर वाळलेली दिसते ती खोलीतल्या दिव्यामुळे. वजन आहे तेवढंच आहे.

आज रविवार. दुकानं बंद असतात हे तुम्हाला माहीत आहे, पण पुढचं काकांना खोटं वाटेल. रविवारी व्हॅक्यूम लावायचा नाही, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. काचेच्या रिकाम्या बाटल्या कोपऱ्यावरच्या डब्यांत टाकतात, त्याही आज नाही, कारण खळ्ळकन आवाज होतो. डबे तीन: पांढऱ्या काचेचा, तपकिरी, हिरवा. निळी बाटली असेल तर ती हिरव्यात. लोणच्याची बरणी घेऊन खाली गेले तर शेजारच्या आजी खिडकीतून नुसत्या बघत राहिल्या. मुकाट्याने बरणी वर आणली.

मग डोम, म्हणजे इथलं मोठं चर्च, बघायला गेले. बाबा, मला कोणी बाटवायला नेलं नव्हतं. तिकीट नसतं, एवढंच. शार्लमेन राजाने बाराशे वर्षांपूर्वी बांधलेलं अष्टकोनी देऊळच म्हणा. 936 ते 1531 जर्मन राजांचे राज्याभिषेक इथे झाले. पण इथली माणसं आधी दाखवतात ती ब्राँझच्या दारावरची सिंहाची तोंडं.

म्हणे बांधकामात पैसे संपले. सैतानाने दिले, पण अट घातली: तयार झाल्यावर पहिला जो आत जाईल त्याचा आत्मा माझा. गावच्या कारभाऱ्यांनी रानातला लांडगा धरून आत सोडला! सैतानाने घाईघाईत त्याचाच आत्मा ओढला, आणि फसल्याचं कळल्यावर दार असं आपटलं की अंगठा सिंहाच्या तोंडात तुटून राहिला. मी बोट घातलं, आत काहीतरी लागतं खरं. दाराशी छातीला भोक पडलेलं ब्राँझचं जनावर आहे. लोक लांडगा म्हणतात, जाणकार अस्वल. पुढे सैतान समुद्रकाठची वाळू आणून गाव पुरायला निघाला. वाटेत एका म्हातारीने आपले झिजलेले जोडे दाखवले, "आखेनहून निघाले तेव्हा नवे होते." त्याने कंटाळून वाळू तिथेच ओतली. तीच लाउसबेर्गची टेकडी, माझ्या खिडकीतून दिसते.

अख्ख्या गावाने कर्ज बुडवलं आणि त्याचं केवढं कौतुक! आपल्याकडे बँकेचा माणूस ओट्यावर येऊन बसला असता.

त्यावरून आठवलं. बाबा, हप्त्याची काळजी करू नका. अर्धवेळ काम नीट चाललंय, पुढच्या महिन्यापासून व्याज मीच भरते. तुमच्याकडे उरतील त्यातून आधी आजीच्या पाटल्या सोडवा. ती बोलत नाही, पण मला ठाऊक आहे.

दादाच्या लग्नाला येते म्हटलं होतं, तर परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात. तिकिटाचे पैसेही वाचले, असं धरा. वहिनीला माझ्याकडून पैठणी घ्या, पैसे पाठवते. आत्याला सांगा, मुलाचा फोटो बघितला, बरा आहे, पण प्रबंध होईपर्यंत तो विषय नको. रागावून नाही म्हणत.

हळदीला व्हिडिओ कॉल चिंटूच्या फोनवरून लावा, मांडवात त्याच्याच फोनला रेंज येते.

तुमची,
मनू